गाडीचे लोखंडी ब्रेक पाइप बनवणं आणि बसवणं : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

पंधरा वर्षं झालेली गाडी पुन्हा पासिंगला न्यायची, म्हणून रॅम्पवर चढवली की खालून हमखास एक वाक्य ऐकू येतं : "साहेब, ब्रेक पाइप गेलेत." पुढे काय करायचं, काय विकत घ्यायचं आणि काय अजिबात करायचं नाही, याबद्दल जे प्रश्न वारंवार येतात त्यांची उत्तरं इथे आहेत. ज्यांना स्वतः काम करायचं आहे त्यांना यातून कृती मिळेल. गॅरेजला देणाऱ्यांना निदान काय विचारायचं ते कळेल.

ब्रेक पाइप म्हणजे नेमका कोणता? चाकाजवळ तर रबराची नळी दिसते.

दोन्ही असतात. मास्टर सिलिंडरपासून (पेडल दाबलं की ब्रेक ऑइलवर दाब आणणाऱ्या भागापासून) चेसिसच्या कडेने जाणारा बारीक कडक पाइप लोखंडी असतो. चाक वर-खाली आणि डावं-उजवं हलतं, म्हणून शेवटच्या टप्प्यात रबरी होज येतो. हे सगळं लिखाण कडक पाइपाबद्दल आहे. बहुतेक गाड्यांत त्याची बाहेरची जाडी ४.७५ मिमी, म्हणजे ३/१६ इंच, फिटरच्या भाषेत दीड सूत. भिंत जेमतेम ०.७ मिमी. जोरात ब्रेक मारल्यावर आतला दाब चौरस सेंटीमीटरला ७० ते १०० किलोपर्यंत जातो, म्हणजे टायरमधल्या हवेच्या तीस ते पंचेचाळीस पट. खालची उत्तरं वाचताना हा आकडा डोक्यात ठेवा. "एवढं चालतंय की" म्हणून केलेले जुगाड इथे का चालत नाहीत ते त्यातच आहे.

लोखंडी पाइप मग गंजतो कसा? त्याला कोटिंग असतं ना?

असतं. मूळ पाइप पोलादी पट्टी दोन वेळा गुंडाळून, तांब्याने आतून-बाहेरून सांधलेला असतो. बाजारात त्याला बंडी ट्यूब म्हणतात. त्यावर जस्ताचा आणि बऱ्याचदा वरून प्लॅस्टिकचा थर असतो. हा थर खडीने, जॅकच्या धक्क्याने किंवा क्लिपच्या घासण्याने एकदा फुटला की आतल्या पोलादाला कोणी वाली नसतो.

किनाऱ्यावर हे लवकर होतं. अलिबाग, रत्नागिरी, मालवण भागातल्या गाड्यांचं खालचं अंग बघा, आणि त्याच वयाची सोलापूरकडची गाडी बघा. खारी हवा, चार महिने पाऊस आणि क्लिपांच्या खाचेत अडकून राहिलेला तांबड्या मातीचा लगदा. सगळ्यांत वाईट अवस्था मासळीच्या पिकअपची. बर्फाचं खारं पाणी हौद्याच्या फटीतून थेंब थेंब गळत असतं, आणि मागच्या अ‍ॅक्सलकडे जाणारा पाइप नेमका त्याच धारेखाली. अशा गाडीचा पाइप समोरून ठणठणीत दिसतो. क्लिप काढली की खाली पापुद्रे.

गंज नुसता वरवरचा आहे की पाइप बदलायलाच हवा, हे कसं ठरवायचं?

चिंध्याला थोडं पेट्रोल किंवा ब्रेक क्लीनर लावून पाइप पुसा. तांबूस रंग निघून खाली गुळगुळीत पृष्ठभाग लागला तर पाइपाचं आयुष्य बाकी आहे. स्वच्छ करून चेसिस ब्लॅक रंग मारा. मात्र तो रबरी होजला लागू देऊ नका. पुसल्यावर नखाला खड्डे लागले, पापुद्रे सुटले किंवा पाइप फुगलेला वाटला तर बदला. तारेचा ब्रश जोरात घासू नका. कुजलेला पाइप ब्रशनेच फुटल्याची उदाहरणं आहेत. गॅरेजमध्ये फुटलेला एका अर्थी बराच म्हणायचा, पण गाडी मग तिथून हलत नाही.

बघायच्या जागा : प्रत्येक क्लिपखाली, पेट्रोल टाकीच्या वर, मागच्या अ‍ॅक्सलवर, चाकाच्या कमानीच्या मागे, आणि जिथे पाइप रबरी होजला जोडला जातो तो ब्रॅकेट. टाकीच्या वरचा भाग कोणी बघत नाही, कारण दिसत नाही. तिथे मोबाइल सरकवून फोटो काढा.

आणि एक. नुकतंच अंडरबॉडी कोटिंग केलेली जुनी गाडी घेताना खूश होऊ नका. तो काळा थर गंजलेल्या पाइपावर मारलेला असेल तर आतली ओल आतच राहते आणि बाहेरून काहीच कळत नाही.

एकच बारीक भोक पडलंय. एम-सील लावून, ब्रेझिंग करून (पितळ वितळवून सांधून) किंवा तेवढा तुकडा कापून रबरी नळी आणि क्लिपा लावून भागेल का?

नाही. तिन्हीपैकी काहीही नाही. एक भोक पडलंय याचा अर्थ शेजारी चार पडायच्या बेतात आहेत. ब्रेझिंगच्या उष्णतेने आजूबाजूची भिंत आणि कोटिंग दोन्ही कमकुवत होतात. नळाच्या कामात वापरतात तसली, रिंग आवळून बसणारी कम्प्रेशन फिटिंगही या दाबाला चालत नाही. ती एखाद्या दिवशी सरळ निसटते.

चालतं ते एवढंच : खराब भाग चांगल्या पाइपापर्यंत कापून, दोन्ही तोंडांना फ्लेअर मारून (तोंड फुलवून), ब्रेकसाठीच बनवलेल्या युनियनने (जोडणीच्या तुकड्याने) नवा तुकडा जोडणं. तेही सरळ, हात पोचेल अशा जागी. सांधे जितके कमी तितकी झोप चांगली.

फ्रिजवाल्याकडे तांब्याचा पाइप मिळतो, त्याच जाडीचा. तो वाकतोही हाताने. तो का नको?

कारण तांबं कंपनाने हळूहळू कडक होत जातं आणि मग वाकाच्या जागी किंवा फ्लेअरच्या मुळाशी तडकतं. फ्रिज जागेवर उभा असतो, गाडी खड्ड्यांतून जाते. रस्त्याकडेच्या कामात हा पाइप सर्रास दिसतो आणि बसवणारा "दहा वर्षं काही होत नाही" असं छातीठोकपणे सांगतो. त्याला सांगू द्या.

पर्याय दोन. पहिला, कोटिंग असलेला पोलादी ब्रेक पाइप : स्वस्त, मजबूत, मूळ गाडीत होता तसाच. वाकवायला बेंडर लागतो. दुसरा, तांबं-निकेलचा पाइप, ज्यात साधारण ९० टक्के तांबं आणि १० टक्के निकेल असतं. हा गंजत नाही, हाताने वाकतो, फ्लेअरही सुबक बसतो. व्होल्व्होने १९७० च्या दशकातच आपल्या गाड्यांत तो वापरायला सुरुवात केली होती. महाग आहे आणि आपल्याकडे प्रत्येक दुकानात मिळत नाही, पण गाडी किनाऱ्यावर राहणार असेल तर मी डोळे मिटून हाच घेईन. विकत घेताना "ब्रेकसाठीचा" असं लिहिलेलंच घ्या. नुसत्या रंगावरून तांबं आणि तांबं-निकेल यांत फसगत होते.

स्टेनलेस स्टील दिसायला झकास, पण घरगुती फ्लेअरिंग किटला ते दाद देत नाही. पहिल्या कामाला तर नकोच.

कंपनीचा तयार वाकवलेला पाइप मिळत असेल तर बनवायची दगदग कशाला?

मिळत असेल तर जरूर घ्या, विशेषतः पुढच्या चाकांचे आखूड पाइप. मारुतीसारख्या खूप खपलेल्या गाड्यांचे पाइप मुंबईत ऑपेरा हाउसच्या, पुण्यात नाना पेठेच्या बाजारात चौकशी केली तर बऱ्याचदा सापडतात. अडचण येते लांब पाइपाची. कारखान्यात तो बसवतात तेव्हा टाकी आणि मागचा अ‍ॅक्सल अजून लागलेले नसतात. तुमच्या गाडीत ते आहेत. तयार पाइप तिथून सरकवताना पुन्हा वाकवावाच लागतो. आणि बंद पडलेल्या मॉडेलचा पाइप मिळतच नाही, तिथे बनवण्याशिवाय गत्यंतर नसतं.

फ्लेअर म्हणजे काय, आणि किती प्रकारचे? दुकानदार विचारतो तेव्हा काय सांगू?

पाइपाच्या टोकाला जे फुलवलेलं तोंड असतं तो फ्लेअर. नट त्याला मागून दाबतो, तोंड समोरच्या बैठकीवर घट्ट बसतं आणि तेल तिथे अडतं. आटे फक्त दाबायचं काम करतात, तेल अडवायचं नाही.

मोटारीत मुख्यतः दोन प्रकार सापडतात. पहिला डबल फ्लेअर : टोक नरसाळ्यासारखं आतून पसरट, ४५ अंशांचं, आणि काठ आत दुमडून भिंत दुहेरी केलेली. मारुती, टोयोटा, होंडा अशा जपानी वळणाच्या गाड्यांत हा असतो. दुसरा बबल फ्लेअर : टोक बटणासारखं बाहेरून गोलाकार, मागची बाजू सपाट. फोक्सवॅगन, स्कोडा अशा युरोपी गाड्यांत हा. एकाच्या जागी दुसरा बसत नाही. बसल्यासारखा वाटतो आणि पहिल्या जोराच्या ब्रेकला पाझरतो. एकेरी फ्लेअर ब्रेकला चालत नाही, त्याचा काठ चिरतो.

आता आटे. दीड सूत पाइपाला बहुतेक गाड्यांत १० मिमीचा, १ मिमी पिचचा (आट्यांमधल्या अंतराचा) नट असतो. जुन्या विलिस घराण्यातल्या जीपना आणि अमेरिकी गाड्यांना इंची आटे, ३/८ इंचाचा नट, इंचाला २४ आटे. घोटाळा इथेच होतो. तो इंची नट ९.५ मिमीचा, म्हणजे १० मिमीच्या भोकात तो जरा सैल पण आरामात जातो, दोन फेरे फिरतो, आवळल्यासारखा वाटतो आणि मग आटे घेऊन बाहेर येतो. गेलेले आटे मास्टर सिलिंडरचे असले तर पाइपाच्या खर्चाला कोणी विचारत नाही.

म्हणून दुकानात जाताना मॉडेलचं नाव सांगू नका, जुना पाइप नटासकट हातात घेऊन जा. एकाच मॉडेलमध्ये वर्षागणिक फरक असतात. तुमच्या गाडीला काय लागतं हे त्या पाइपाच्या दोन टोकांइतकं खात्रीने कोणीच सांगू शकत नाही.

हत्यारं कोणती लागतील?

पाइप कटर, लहान चाकाचा. हेक्सॉ ब्लेड नको, तोंड तिरकं होतं आणि कीस आत जातो. मग फ्लेअरिंग किट, बेंडर, बारीक कानस, आतली धार काढायचं टोकदार रीमर आणि ब्रेक नटाचा खास पाना. हा पाना रिंग पान्यासारखाच, फक्त पाइप आत सरकवायला एका बाजूने फट ठेवलेला. १० आणि ११ मिमीचा जोड घ्या. साध्या फिक्स पान्याने हे मऊ नट गोल होतात. डोळ्यांना चष्मा, आणि गाडीखाली घोडी (आधाराचा स्टँड). नुसत्या जॅकवरच्या गाडीखाली कोणीही जाऊ नये, पाच मिनिटांसाठीसुद्धा नाही.

फ्लेअरिंग किटमध्ये काटकसर करू नका. अगदी स्वस्त किटच्या पट्टीत (पाइप धरायच्या चापात) पाइप घसरतो आणि फ्लेअर वाकडा येतो. वर्षातून एकदाच लागणार असेल तर मित्राचा किंवा गॅरेजचा चांगला किट मागून आणलेला बरा. व्हाइसमध्ये धरायचा, हँडल फिरवलं की फ्लेअर पडतो असा किट मिळाला तर नवशिक्याचं निम्मं काम झालं.

जुना नट सुटतच नाही, पाइपच पिळतोय. काय करू?

पाइप तसाही जाणारच आहे ना? मग नटाच्या अगदी जवळ तो कापून टाका. आता नटावर पूर्ण सहा कोनी सॉकेट बसतो आणि बहुतेक नट त्याने सुटतात. आदल्या रात्री गंज सोडवणारं तेल मारून ठेवलं तर आणखी सोपं. रबरी होजच्या जोडावर दोन पाने लागतात : एकाने होजचं षटकोनी अंग धरायचं, दुसऱ्याने नट फिरवायचा. नाहीतर होज आतून पिळतो आणि बाहेरून काही दिसत नाही. रबराजवळ गॅसची ज्योत नेऊ नका. ब्रेक ऑइलही तापलं की पेट घेतं.

याच्याही आधी एक काम : चारही चाकांच्या ब्रेकमधली हवा काढायची निपल सुटतात का ते बघा. नवे पाइप बसवून झाल्यावर निपल मोडलं की सगळं काम अडतं आणि व्हील सिलिंडरचा (चाकातला ब्रेक दाबणाऱ्या भागाचा) नवा खर्च निघतो.

पाइप काढला की ब्रेक ऑइलच्या टाकीतलं सगळं ऑइल गळून जातं. ते कसं थांबवायचं?

ब्रेक पेडल तीन-चार सेंटीमीटर दाबून, सीट आणि पेडल यांच्यामध्ये काठी अडकवून ठेवा. मास्टर सिलिंडरचे पिस्टन टाकीकडची भोकं बंद करतात आणि गळती जवळजवळ थांबते. पेडल दाबलेलं म्हणजे मागचा ब्रेक दिवा पेटलेला, तेव्हा बॅटरीची तार सोडा. उघड्या तोंडांना रबरी टोप्या लावा. माती आत जाऊ देऊ नका.

नवा पाइप किती लांब कापायचा आणि कसा वाकवायचा?

जुन्या पाइपावर सुतळी ठेवून प्रत्येक वळणातून फिरवा आणि मोजा. प्रत्येक तोंडाला फ्लेअरमध्ये साधारण ५ मिमी जातात ते धरा, वर चार-पाच सेंटीमीटर जास्त ठेवा. एखादा फ्लेअर बिघडला तर कापून पुन्हा मारायला जागा राहते. पाइप जास्त निघाला तर हलकं वळण देऊन जिरवता येतो, कमी पडला तर भंगार.

जुना पाइप जमिनीवर ठेवून त्याच्या शेजारी नवा वाकवत जा. तुकडे होऊन निघाला असेल तर जाड तारेचा साचा गाडीवरच वाकवून घ्या. वळणाची त्रिज्या १५ मिमीच्या खाली नको. पाइप चेपला तर सरळ करून वापरू नका. मास्टर सिलिंडरखाली कंपनीने पाइपाला एक-दोन वेटोळी दिली असतील तर तुम्हीही द्या. "इथे सरळ नेला तर पाइप वाचतो" असं वाटेल, पण ती वेटोळी इंजिनाचा थरथराट पचवण्यासाठी आहेत.

फ्लेअर कसा मारायचा? सगळे म्हणतात इथेच काम बिघडतं.

खरं आहे. म्हणून गाडीचा पाइप हातात घेण्याआधी टाकाऊ तुकड्यांवर सराव करा. लागोपाठ चार-पाच तोंडं सारखी येईपर्यंत गाडीकडे बघू नका.

पाइपावर कटर चढवा, हलकं आवळा, एक फेरा, पुन्हा किंचित आवळा, पुन्हा फेरा. एकदम आवळलं तर पाइप लंबगोल होतो. तुटल्यावर तोंड काटकोनात आहे ना ते बघा, नसेल तर कानशीने सपाट करा. आतली धार रीमरने काढा, बाहेरच्या काठावर कानस फिरवून बारीक उतार द्या. हे करताना तोंड खाली धरा, कीस आत नको. पाइपात हवा मारा.

आता नट चढवा. आत्ता. फ्लेअर पडल्यावर नट जात नाही, आणि आटे तोंडाच्या बाजूलाच हवेत. दुसऱ्या टोकाचा नटही लक्षात ठेवा.

डबल फ्लेअरसाठी पट्टीच्या तिरकस कडेच्या बाजूने पाइप थोडा बाहेर काढून आवळा. किती बाहेर, याचं माप किटमध्येच असतं : त्या आकाराच्या बटणाचा (दांडी असलेल्या छोट्या साच्याचा) जो रुंद काठ असतो, त्याच्या जाडीइतका. हे माप डोळ्याने धरू नका, बटण शेजारी टेकवून जुळवा. जास्त निघाला तर काठ आत गोळा होतो, कमी निघाला तर दुमड पूर्ण पडत नाही. पट्टीचे दोन्ही खटके घट्ट. पाइप घसरला की सगळं पाण्यात. बटणाला ब्रेक ऑइलचा एक थेंब लावा, त्याची दांडी पाइपात घाला आणि शंकूचा स्क्रू फिरवत बटण पट्टीला टेकेपर्यंत दाबा. मागे घ्या, बटण काढा. तोंड आता फुगलेलं आणि काठ आत वळलेला दिसेल. मग नुसता शंकू खाली आणा. काठ आत दुमडतो आणि नरसाळं तयार होतं. इथे जोर लागतो, पण अति आवळून भिंत पातळ करू नका.

उजेडात धरून बघा. तोंड सगळीकडे सारखं रुंद, मधोमध, आतला उतार आरशासारखा गुळगुळीत, कुठेही चीर नाही. एक बाजू जाड, एक पातळ दिसली तर कापा. "आवळल्यावर बसेल" असं मनात आलं तरी कापा. बबल फ्लेअरला एकच पायरी असते, पण त्याचा साचा वेगळा आणि पट्टीची सपाट बाजू. डबल फ्लेअरची पहिली पायरी म्हणजेच बबल, असं काही जण शिकवतात. आकार मिळताजुळता वाटतो, बैठकीचा कोन जुळत नाही.

पट्टीच्या दातांनी कोटिंग खरवडलं जातं. तिथे झिंकचा रंग लावा. फ्लेअरच्या तोंडाला मात्र रंग लागता कामा नये.

बसवताना टेफ्लॉन टेप किंवा शेलॅक (सांधे बुजवायची लाख) लावू का?

अजिबात नको. टेपचा तुकडा सुटून आत गेला तर एखादं बारीक भोक बंद होतं. आधी पाइप जागेवर, सगळे नट हाताने तीन-चार फेरे, मग क्लिपा, आणि सगळ्यात शेवटी पाना. नट हाताने जात नसेल तर पाइपाचं वळण चुकलंय, ते सुधारा. ४.७५ मिमी पाइपाच्या नटाला साधारण १४ ते १८ न्यूटन-मीटर जोर पुरतो. तुमच्या गाडीच्या मॅन्युअलमधला आकडा असेल तर तोच खरा. तांबं-निकेलचा पाइप मऊ असतो, त्याला मोजकाच जोर.

मार्ग जुनाच ठेवा. सायलेन्सरपासून लांब, पत्र्याच्या भोकातून जाताना रबरी ग्रोमेट, आणि प्रत्येक जुन्या क्लिपच्या जागी क्लिप. लटकता पाइप थरथरतो आणि थरथरणारा पाइप तुटतो. स्टिअरिंग दोन्हीकडे पूर्ण वळवून, चाक वर-खाली करून काही घासत नाही ना ते तपासा.

ब्रेक ऑइल कोणतं टाकू?

टाकीच्या झाकणावर छापलेलं. बहुतेक डॉट ३ किंवा डॉट ४. कोरडं असताना डॉट ३ किमान २०५ अंशांना आणि डॉट ४ किमान २३० अंशांना उकळतं. पाणी मुरलेलं डॉट ३ मात्र १४० अंशांपर्यंत खाली येऊ शकतं, आणि उतारावर ब्रेक तापले की ऑइलची वाफ होते आणि पेडल खाली जातं. हे ऑइल हवेतली ओल शोषतं, म्हणून गेल्या पावसाळ्यात फोडलेला डबा वापरू नका. डॉट ५ सिलिकॉनचं असतं, ते यांत मिसळत नाही. इंजिन ऑइल किंवा पॉवर स्टिअरिंगचं तेल चुकून गेलं तर सगळे रबरी वॉशर फुगतात. ब्रेक ऑइल रंगावर सांडलं तर लगेच भरपूर पाण्याने धुवा, नाहीतर बॉनेटचा रंग उठून येतो.

पाइप उघडल्यावर ब्रेकमध्ये शिरलेली हवा काढायचा क्रम काय?

साधा नियम : मास्टर सिलिंडरपासून सगळ्यात लांबचं चाक आधी. आपल्या उजव्या हाताच्या गाड्यांत म्हणजे मागचं डावं, मागचं उजवं, पुढचं डावं, पुढचं उजवं. तिरपं सर्किट असलेल्या (एक पुढचं आणि त्याच्या तिरप्या बाजूचं मागचं चाक एका जोडीत असलेल्या) गाड्यांत क्रम वेगळा असू शकतो, मॅन्युअल बघा.

निपलला पारदर्शक नळी, नळीचं दुसरं टोक बाटलीत ऑइलमध्ये बुडवलेलं. आतला माणूस पेडल हळू दाबतो आणि "दाबलं" म्हणतो. तुम्ही निपल सैल करता, ऑइल आणि बुडबुडे येतात, तुम्ही निपल बंद करता आणि मगच "सोड" म्हणता. या क्रमात एकदा चूक झाली की हवा परत आत. टाकी कधीही तळाला जाऊ देऊ नका. जुन्या गाडीत पेडल पूर्ण तळापर्यंत मारू नका, मास्टर सिलिंडरच्या न वापरलेल्या भागातला गंज वॉशर फाडतो. पेडलखाली लाकडाचा ठोकळा ठेवला की झालं.

व्हॅन आणि पिकअपमध्ये मागच्या अ‍ॅक्सलला दांडीने जोडलेला लोड व्हॉल्व्ह असतो. गाडी उचलून अ‍ॅक्सल लटकता ठेवला तर त्याला वाटतं गाडी रिकामी आहे, आणि तो मागचं ऑइल रोखतो. तेव्हा मागची चाकं जमिनीवर किंवा घोडी अ‍ॅक्सलखाली हवी.

एबीएसच्या (जोराच्या ब्रेकला चाकं लॉक होऊ न देणाऱ्या यंत्रणेच्या) गाडीत काही वेगळं?

हो. भारतात एप्रिल २०१९ पासून सगळ्या नव्या मोटारींना एबीएस सक्तीचं आहे, त्यामुळे हा प्रश्न वाढत जाणार. एबीएसच्या ठोकळ्यात हवा शिरली तर नुसत्या पेडलने ती निघेलच असं नाही. स्कॅनर लावून आतला पंप आणि व्हॉल्व्ह चालवावे लागतात. ठोकळ्यापुढचा एखादाच पाइप बदलत असाल आणि टाकी रिकामी होऊ दिली नसेल तर सहसा नेहमीच्या पद्धतीने भागतं. ठोकळ्याचेच पाइप सोडायचे असतील तर आधी स्कॅनरवाला ठरवा.

काम झालं. रस्त्यावर कधी काढू?

लगेच नाही. प्रत्येक जोड कोरडा पुसा आणि त्याला पांढरा टिश्यू गुंडाळा. इंजिन चालू करून पूर्ण ताकदीने पेडल एक मिनिट दाबून धरा. पेडल हळूहळू खाली गेलं तर कुठेतरी पाझर आहे. टिश्यूवरचा ओला ठिपका जागा सांगतो. जोड पाझरत असेल तर एकदा सोडून पुन्हा नेमका आवळा. तरीही थांबत नसेल तर फ्लेअर पुन्हा मारा. आणखी आवळून तो बरा होत नाही.

मग मोकळ्या जागेत, हँडब्रेक चालतो याची खात्री करून, चालण्याच्या वेगाने दोन-चार ब्रेक. त्यानंतर हळूहळू वेग वाढवा. दुसऱ्या दिवशी सकाळी पुन्हा टिश्यू आणि टाकीची पातळी. पेडल स्पंजसारखं लागत असेल तर हवा उरली आहे, पुन्हा काढा.

एकच पाइप फुटलाय. बाकीचे पण बदलू का?

सगळे एकाच दिवशी बसवलेले, एकाच पाण्यात भिजलेले. किमान मागचे दोन्ही आणि मधला लांब पाइप एकदम करा. एकदा ऑइल काढून हवा काढायचीच आहे, तर ते काम तीनदा कशाला?

गाडी चालवताना पाइप फुटला तर?

साध्यातल्या साध्या मारुतीतही मास्टर सिलिंडरची दोन सर्किटं असतात, त्यामुळे एक फुटलं तरी दुसरं जिवंत राहतं. पेडल बरंच खाली जातं, गाडी थांबायला जास्त अंतर लागतं, पण थांबते. पेडल भराभर पंप करा, गिअर एकेक खाली आणा, हँडब्रेक हळूहळू ओढा. झटक्यात ओढला तर मागची चाकं लॉक होऊन गाडी फिरते. हँडब्रेक सहसा केबलचा असतो, त्याला ऑइल लागत नाही. आंबा घाटासारख्या उतारावर हे घडलं तर डोंगराच्या बाजूला राहा. थांबल्यावर "हळूहळू नेतो खाली" म्हणू नका, टो मागवा.

मला हे स्वतः जमेल असं वाटत नाही. गॅरेजमध्ये काय विचारू?

पाइप कोणत्या धातूचा लावणार, फ्लेअर कोणता मारणार, जुने पाइप परत देणार का. या तीन प्रश्नांनी समोरचा किती पाण्यात आहे ते कळतं. मधला मार्गही आहे : पाइप काढणं, वाकवणं, क्लिपा तुम्ही करा, आणि फक्त दोन तोंडं चांगल्या किटवाल्याकडून मारून घ्या. जाताना दोन्ही नट पाइपावर चढवलेले असू द्या.

मी अमेरिकेत राहतो. इथे बर्फात रस्त्यावर मीठ टाकतात. हेच लागू पडतं का?

जास्तच. तिथली रस्ते सुरक्षा यंत्रणा एनएचटीएसए हिने जनरल मोटर्सच्या १९९९ ते २००३ च्या पिकअप आणि एसयूव्हींच्या गंजलेल्या ब्रेक पाइपांची चौकशी केली आणि एप्रिल २०१५ मध्ये ती रिकॉलविना बंद केली. निष्कर्ष असा की हा गंज म्हणजे वयोमानाची झीज आहे, आणि मिठाच्या प्रदेशातल्या मालकांनी गाडी खालून धुवावी, पाइप तपासून घ्यावेत. तिथे राहणाऱ्यांची सोय म्हणजे तांबं-निकेलचा पाइप साध्या स्पेअरच्या दुकानात गुंडाळीने मिळतो आणि बऱ्याच दुकानांत हत्यारं अनामत ठेवून घरी नेता येतात. हिवाळा संपल्यावर पहिल्या उबदार आठवड्यात गाडी खालून पाण्याने धुवा, आणि पाण्याची नळी पेट्रोल टाकीच्या वरच्या फटीतही फिरवा.